आठ बटणं, पाच वायरी: जुन्या टीव्ही गेमचा रिमोट घरीच बांधा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून टीव्ही गेमचा खोका खाली येतो तेव्हा बहुतेक घरांत एकच अवस्था दिसते. संच चालू, कॅसेट चालू, रिमोट मेलेला. कॅसेटच्या पट्ट्यांवरून खोडरबर फिरवला की मारिओ पडद्यावर उभा राहतो. पण तो उजवीकडे चालत नाही, किंवा चालतो आणि उडी मारत नाही. मग खोका परत माळ्यावर जातो, नाहीतर भंगारवाल्याच्या गाड्यावर. दोन्हींची गरज नाही. त्या संचातला सगळ्यात सोपा भाग कुठला असेल तर तो रिमोटच. आठ बटणं, पाच वायरी आणि एक साधी आयसी, एवढाच त्याचा कारभार. हाताला सोल्डरिंगची सवय असेल आणि जवळ मल्टिमीटर असेल तर सुट्टीच्या एका दिवसात नवा रिमोट तयार होतो, आणि बाजारातल्या हलक्या मालापेक्षा जास्त टिकतो.

आपल्याकडे हे संच समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आले, आणि कितीतरी बिननावाचे आले. आतून मात्र सगळे एकाच कुळातले. निन्टेन्डो या जपानी कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. त्याची रचना मासायुकी उएमुरा यांची. पुढे तैवान, हाँगकाँग आणि चीनमधून त्याच्या नकला निघाल्या, आणि नंतर तर अख्खा संच एका काळ्या ठिपक्याखालच्या चिपमध्ये मावला. नक्कल करणाऱ्यांनी खोका बदलला, रिमोटचा आकार बदलला, प्लग बदलला. संच रिमोटशी ज्या पद्धतीनं बोलतो ती पद्धत मात्र त्यांना बदलता आली नाही, कारण कॅसेटमधला प्रत्येक गेम त्याच पद्धतीवर विसंबून आहे. म्हणून खालचं सर्किट यातल्या जवळजवळ प्रत्येक संचाला चालतं.

तुमचा संच याच कुळातला आहे का हे कॅसेट सांगते. कॅसेटच्या तोंडाशी एका बाजूला ३० पट्ट्या, दोन्ही बाजू मिळून ६० असतील तर निर्धास्त पुढे जा. सेगाच्या सोळा-बिट संचाची नक्कल असेल तर थांबा. त्या रिमोटचा प्लगही नऊ पिनांचाच असतो आणि आपल्या संचात बिनदिक्कत बसतो, पण आतली जोडणी निराळी. अनोळखी रिमोट ‘बसतोय तर लावून बघू’ म्हणून खुपसण्यात पाच व्होल्टची वायर भलतीकडे जाऊन संच जायची भीती असते. आणि आपण बांधलेला रिमोट जुन्या कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टात तर चुकूनही लावू नका. तिथं पाच व्होल्ट नसतात, उणे-अधिक बारा व्होल्टपर्यंतचा खेळ असतो.

आता बांधणीच्या आधी जुना रिमोट खरोखर गेलाय का ते बघू. माझं मत विचाराल तर दहातले निम्मे रिमोट गेलेले नसतातच; कोणी उघडून पाहिलेले नसतात.

पहिला उपाय: दुसऱ्या खेळाडूचा रिमोट पहिल्याच्या जागी लावा. तो चालला तर संच ठीक आहे, दोष रिमोटचा. मग मागचे स्क्रू काढा. आत एक मऊ रबरी चादर, तिच्या पोटाला काळ्या गोल टिकल्या, आणि खाली पीसीबीवर कंगव्यासारख्या एकमेकांत घुसलेल्या काळ्या रेघा दिसतील. बटण दाबलं की टिकली त्या रेघांवर टेकते आणि जोडणी पूर्ण होते. वर्षानुवर्षं हाताचा घाम, चिवड्याचं तेल आणि आपल्याकडची बारीक माती यांचा थर तिथं बसतो. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, ते कापसाच्या काडीला लावून दोन्ही बाजू हलक्या हातानं पुसा. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही वापरू नका. कार्बनच्या रेघाच उतरून येतील.

पुसून झाल्यावर मीटर ओहमवर ठेवून टिकलीच्या दोन कडांना टोकं लावा. काहीशे ओहमपासून दोन के-पर्यंत वाचन आलं तर टिकली तरुण आहे. दहा के-च्या वर गेलं तर ती थकली. त्यावर घरगुती तोड अशी की बंद पडलेल्या टीव्हीच्या रिमोटमधून, विशेषतः फारशा न वापरलेल्या बटणाची टिकली ब्लेडनं कापून घ्यायची आणि फेविक्विकचा टिपूस मागच्या बाजूला लावून बसवायची. पुढच्या बाजूला फेविक्विक गेलं तर ती टिकली फेकूनच द्यायची.

दुसरा दोष केबलचा. रिमोटमधून वायर बाहेर पडते तिथं ती रोज वाकते, मुलं संच वायरीनंच ओढतात, आणि आतला तांब्याचा धागा तुटतो. बाहेरचं रबर मात्र शाबूत दिसतं. मीटर बीपवर ठेवा, प्लगच्या छिद्रात एक टोक, पीसीबीवर त्याच वायरीच्या टाक्यावर दुसरं, आणि केबलची मान हलवत राहा. बीप अडखळली की वायर सापडली. मानेपासून दोन इंच केबल कापून टाका आणि पाचही वायरी पुन्हा जोडा. कुठल्या रंगाची वायर कुठल्या टाक्यावर होती याचा फोटो कापण्याआधी काढायचा, नंतर नव्हे.

रबर स्वच्छ आहे, वायरी सलग आहेत, तरी रिमोट मेलेला? मग पीसीबीवरचा काळा ठिपका गेला. त्या राळेखाली उघडी चिप असते. तिची दुरुस्ती होत नाही. इथून पुढं बांधणी.

त्या ठिपक्यात काय असतं हे कळलं की सगळं सर्किट पाठ होतं. मूळ जपानी रिमोटात तिथं ४०२१ क्रमांकाची आयसी होती. तिला आठ आत येणाऱ्या पिना, प्रत्येक बटणाला एक. संच आधी ‘लॅच’ नावाच्या वायरीवर अगदी छोटा ठोका देतो, साधारण बारा मायक्रोसेकंदांचा. त्या क्षणी कुठली बटणं दाबलेली होती ते आयसी धरून ठेवते. मग संच ‘क्लॉक’ वायरीवर ठोके देत जातो आणि दर ठोक्याला एकेका बटणाची हकीकत ‘डेटा’ वायरीवरून बाहेर येते, एसटीच्या एकाच दारातून प्रवासी रांगेनं उतरावेत तशी. उतरण्याचा क्रम ठरलेला: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या संचात हे सगळं सेकंदाला साधारण ५० वेळा घडतं. तीन वायरी या, उरलेल्या दोन म्हणजे पाच व्होल्ट आणि ग्राउंड. झाल्या पाच.

सामान किरकोळ आहे. ४०२१ आयसी आणि तिच्यासाठी सोळा पिनांचा बेस, १० के-चे आठ रेझिस्टर, एक के-चा एक, १०४ लिहिलेला एक सिरॅमिक कपॅसिटर, डॉट पीसीबीचा तुकडा, आठ टॅक्ट स्विच, पाच वायरींची केबल आणि प्लग. परभणीत टीव्ही, मिक्सर, होम थिएटर दुरुस्तीचे सुटे भाग ठेवणाऱ्या कुठल्याही दुकानात यातलं बहुतेक मिळतं. अडेल ते आयसीपाशी. ४०२१ घरगुती दुरुस्तीत लागत नाही, त्यामुळे ती कुणी ठेवतंच असं नाही. दुकानदार चांगुलपणानं ४०१७ पुढं करील, कारण गणपतीच्या आराशीतल्या पळत्या दिव्यांमुळे ती त्याच्याकडे असते. ती इथं निरुपयोगी आहे. ४०१४ आणखी फसवी: पिना सारख्या, काम जवळपास सारखं, पण ती बटणांची नोंद घ्यायला क्लॉकच्या ठोक्याची वाट बघते आणि आपला संच तो ठोका त्या वेळी देत नाही. तेव्हा ४०२१ म्हणजे ४०२१च. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, हैदराबादला कोठीचा बाजार; त्या बाजूला जाणारं कोणी असेल तर चिठ्ठी द्या. ऑनलाइनही मिळते, फक्त आयसीपेक्षा कुरिअर महाग पडतं. म्हणून चार एकदम मागवा. एखादी हातातल्या स्थिर विजेनंच जाते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात टेरिकॉटचा शर्ट घालून सीमॉस आयसी हाताळणं म्हणजे तिला आमंत्रणच. आधी हात अर्थिंग असलेल्या धातूला लावायचा, मग आयसीला; आणि ती शेवटपर्यंत बेसमध्ये बसवायची नाही.

केबलसाठी यूएसबीची वायर डोळ्यापुढं येते, पण तिच्यात चारच तारा. लॅनची तयार पॅच कॉर्ड घ्या, तिच्यात आठ असतात आणि त्या बहुतेक बारीक धाग्यांच्या, वाकवल्या तरी टिकणाऱ्या. भिंतीतून टाकतात ती लॅन केबल नको. तिच्यातली एकसंध तार थोड्याच दिवसांत मोडते. लांबी दोन मीटरपर्यंत ठेवा. प्लग म्हणून नऊ पिनांचा मादी डीबी कनेक्टर चालतो, फक्त त्याचे बाजूचे स्क्रू काढावे लागतात आणि संचाचं भोक खोल असेल तर कडा कानसीनं घासाव्या लागतात. काही संचांत प्लगच नसतो, वायर सरळ आत जाते. तसं असेल तर काम उलट सोपं; आतल्या पाच टाक्यांवरच नवी केबल जोडा.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, वायरी ओळखणं. रंगांवर विश्वास ठेवू नका. एका कारखान्यात लाल म्हणजे पाच व्होल्ट, दुसऱ्यात लाल म्हणजे डेटा. नऊ पिनांच्या बऱ्याच संचांत २ डेटा, ३ लॅच, ४ क्लॉक, ६ पाच व्होल्ट आणि ८ ग्राउंड अशी मांडणी आढळते. पण ‘बऱ्याच’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे, म्हणून तपासायचंच. जुन्या रिमोटची केबल असेल तर काम निम्मं होतं, कारण प्लगमधून पाचच वायरी निघतात आणि बाकीच्या पिना आपोआप बाद होतात. पीसीबीवर टाक्यांशेजारी व्हीसीसी, जीएनडी, सीएलके असं बारीक अक्षरांत छापलेलंही सापडतं.

संच बंद ठेवा. मीटरचं एक टोक टीव्हीला जाणाऱ्या पिवळ्या एव्ही सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला लावा आणि दुसरं रिमोटच्या सॉकेटमधल्या एकेका पिनेला. जिथं बीप वाजेल ते ग्राउंड. मग संच उघडून ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर शोधा. बहुधा त्याला पत्र्याचा तुकडा जोडलेला असतो. अक्षरं आपल्याकडे धरली तर उजवीकडचा तिसरा पाय म्हणजे पाच व्होल्ट. त्या पायापासून ज्या पिनेला बीप मिळेल ती पुरवठ्याची. उरल्या तीन. संच चालू करून, रिमोट न लावता, त्यांचा व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य दाखवील ती लॅच. क्लॉक आणि डेटा दोन्ही पाचच्या आसपास दाखवतात, म्हणून त्यांना वेगळं करायला युक्ती करावी लागते. पडद्यावर गेमचा मेनू आणा आणि एक के-च्या रेझिस्टरमधून दोघींपैकी एकीला क्षणभर ग्राउंडला टेकवा. डेटा असेल तर संचाला वाटतं आठही बटणं एकदम दाबली. मेनू पळायला लागतो किंवा गेम सुरूच होतो. क्लॉक असेल तर काही घडत नाही. रेझिस्टरशिवाय नुसती तार टेकवायची नाही, एवढं पथ्य पाळा.

हे कागदावर लिहून ठेवलं की जोडणी म्हणजे नुसतं लिहिलेलं उतरवणं. आयसीची खाच वर धरा. डावीकडे वरून खाली १ ते ८, उजवीकडे खालून वर ९ ते १६. पिन १६ ला पाच व्होल्ट, ८ ला ग्राउंड, आणि या दोघींमध्ये, आयसीच्या शक्य तितक्या जवळ, १०४ चा कपॅसिटर. लॅच ९ ला, क्लॉक १० ला. डेटा पिन ३ मधून निघतो. त्या वायरीत एक के-चा रेझिस्टर घाला, म्हणजे क्लॉक-डेटा उलटे जोडले गेले तरी संच आणि आयसी एकमेकांशी भांडून जळणार नाहीत. पिन ११ सरळ ग्राउंडला. पिन २ आणि १२ मोकळ्या.

बटणं अशी: ए पिन १ ला, बी १५ ला, सिलेक्ट १४ ला, स्टार्ट १३ ला, वर ४ ला, खाली ५ ला, डावं ६ ला, उजवं ७ ला. प्रत्येक बटणाचा दुसरा पाय ग्राउंडला. आणि या आठही पिनांना १० के-चा एकेक रेझिस्टर पाच व्होल्टकडे. हे रेझिस्टर गाळले तर पिना हवेत लटकतात आणि मारिओ आपल्या मर्जीनं उड्या मारतो. नव्या टॅक्ट स्विचला १० के उत्तम. जुनं रबरच वापरणार असाल तर ४७ के घ्या, कारण थकत चाललेल्या टिकलीचा स्वतःचाच रोध चार-पाच के-पर्यंत गेला तर १० के-समोर व्होल्टेज पुरेसा खाली येत नाही आणि दाबलेलं बटण न दाबल्यासारखं वाटतं.

टॅक्ट स्विचला चार पाय असतात आणि त्यांतले दोन-दोन आतून कायमचे जोडलेले. कुठले ते मीटरनं बघून घ्या. तिरपे समोरासमोरचे दोन पाय घेतले तर चूक होतच नाही.

आयसी बसवण्याआधी रिकाम्या बेसवर तपासणी करा. संच चालू करून १६ आणि ८ मध्ये पाच व्होल्ट, आठही बटणांच्या पिनांवर पाच व्होल्ट, बटण दाबलं की तिथं शून्य. हे जमलं की संच बंद, आयसी आत, संच चालू.

सांगाडा काय घ्यायचा हा आवडीचा भाग. मला स्वतःला जुन्याच सांगाड्यात नवं सर्किट बसवणं आवडतं, कारण हाताला ओळखीचा आकार राहतो. त्यासाठी जुन्या पीसीबीवर ठिपक्यापासून बटणांकडे जाणाऱ्या रेघा कटरनं तोडा, बटणाशेजारी हिरवा थर खरवडून तांबं उघडं करा आणि तिथून बारीक तार आपल्या आयसीपर्यंत न्या. ही तार विकत घ्यायला जाऊ नका. आपल्या परभणी जिल्ह्यात मोनोब्लॉक आणि पाणबुडी मोटारी भरून देणारी रिवाइंडिंगची दुकानं तालुक्याच्या गावागावांत आहेत. तिथं इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे तुकडे जमिनीवर पडलेले असतात. पंख्याच्या वाइंडिंगमधली बारीक तार मागा. टोकं ब्लेडनं चकचकीत होईपर्यंत खरवडल्याशिवाय सोल्डर चिकटत नाही, आणि सगळ्या नवशिक्यांचं घोडं इथंच अडतं: टाका बसलेला दिसतो, आत इनॅमल तसंच असतं. सांगाडा पातळ असेल तर बेस वगळून आयसीचे पाय आडवे करून ती सपाट चिकटवावी लागेल.

सांगाडा नसेल तर शाळेची पत्र्याची कंपासपेटी घ्या. आकार हातात बसतो, झाकण उघडतं, भोकं सहज पडतात. आतून पीव्हीसी टेपचे दोन थर लावा आणि पेटीचा पत्रा ग्राउंडला जोडून टाका. केबल आत घेतल्यावर तिला एक गाठ मारा, म्हणजे कोणी ओढली तरी ताण टाक्यांवर येत नाही. पेटीच्या भोकाची कड केबल कापते, तिथं रबरी ग्रोमेट हवंच.

दिशांच्या बटणांवर मात्र वेळ घालवा. आज सगळीकडे दिसणारं अधिकच्या चिन्हाचं बटण गुनपेई योकोई यांनी १९८२ साली निन्टेन्डोच्या हातातल्या ‘डाँकी काँग’ गेमसाठी केलं. त्याचं खरं मर्म आकारात नाही, मधल्या टेकूत आहे. ते एका बाजूला झुकलं की समोरची बाजू उचलली जातेच, म्हणून डावं आणि उजवं एकदम दाबलंच जात नाही. चार सुटे स्विच लावले तर ते दाबलं जातं, आणि काही गेम त्यानं चक्रावतात. जुन्या रिमोटचं अधिक-बटण जपून ठेवा आणि चार टॅक्ट स्विचच्या मधोमध एक स्क्रू उभा करून त्यावर टेकवा. स्विच आणि बटण यांच्यात किंचित फट राहिली पाहिजे, नाहीतर तिरप्या दिशा मिळणार नाहीत आणि ‘काँट्रा’त तिरपी गोळी सुटणार नाही.

घरी बांधण्याचा मोठा फायदा इथंच आहे. एका पिनेला दोन-तीन स्विच समांतर जोडले तरी आयसीला फरक पडत नाही. बोटं नीट वळत नसलेल्या मुलाला किंवा आजोबांना खेळायचं असेल तर दारावरच्या घंटीचं मोठं बेल पुश ए-च्या पिनेला लावा, पाटीवर स्क्रूनं बसवा आणि तळहातानं दाबू द्या. मोटारीच्या स्टार्टरची हिरवी-लाल बटणं दिसायला झकास असतात, पण त्यांची स्प्रिंग इतकी कडक की दहा मिनिटांत अंगठा दुखतो. फार तर स्टार्टला लावा.

टर्बो हवाच असेल तर ५५५ आयसी घाला. वरचा रेझिस्टर १० के, खालचा ४७ के, कपॅसिटर एक मायक्रोफॅरड. सेकंदाला साधारण चौदा ठोके मिळतात. ५५५ च्या पिन ३ पासून १एन४१४८ डायोड, त्याची काळी पट्टी ५५५ कडे, आणि पुढं टर्बोचं बटण ए-च्या पिनेला. वेग फार वाढवण्यात अर्थ नाही. संच सेकंदाला ५० वेळाच विचारतो, त्यामुळे पंचविसाच्या वरचे ठोके त्याला दिसतच नाहीत. माझ्या मते पहिला रिमोट टर्बोशिवाय बांधावा.

चाललं नाही तर लक्षणांवरून दोष कळतो, आणि या सर्किटची लक्षणं फार प्रामाणिक आहेत. कुठलंच बटण लागत नाही: डेटाची वायर तुटली. कशालाही हात न लावता मेनू सैरावैरा पळतो: लॅचचा ठोका आयसीपर्यंत पोचत नाही, किंवा डेटा कुठंतरी ग्राउंडला टेकलाय. फक्त ए दाबल्यावर एकदम सगळं घडतं आणि बाकीची सात बटणं मुकी राहतात: क्लॉक येत नाही, म्हणून पहिल्याच बटणाची हकीकत आठ वेळा वाचली जाते. बी दाबलं की कधी ए घडतं, कधी बी: क्लॉकवर गडबड आहे, केबल कमी करा, १०४ चा कपॅसिटर आयसीला चिकटून आहे का बघा. एकच बटण सतत दाबलेलं वाटतं: दोन टाक्यांमध्ये सोल्डरचा पूल झालाय, भिंग घेऊन शोधा. आणि रिमोट ठीक असूनही पाच-दहा मिनिटांनी सगळंच गोठत असेल तर ७८०५ ला हात लावून बघा. चटका बसण्याइतका तापत असेल तर अडॅप्टर जास्त व्होल्टचा लावलाय. संचाच्या तळाशी लिहिलेला आकडा आणि प्लगच्या मधल्या टोकाची धन-ऋण खूण तपासा. जुन्या संचांत मधलं टोक पुष्कळदा ऋण असतं आणि आजकालच्या अडॅप्टरचं धन.

अखेरची चाचणी ‘काँट्रा’ची. १९८८ च्या या गेमच्या पहिल्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए असं दाबून, सिलेक्टनं दोन खेळाडू निवडून स्टार्ट दाबलं की दोघांनाही तीस-तीस जीव मिळतात. आठही बटणं यात येतात आणि एक जरी चुकलं तरी तीसचे तीनच राहतात. हजार गेमवाल्या एखाद्या कॅसेटमध्ये ‘काँट्रा’ची फेरफार केलेली प्रत असते आणि जीव आधीच वाढवलेले असतात, तिथं ही परीक्षा चालत नाही, दुसऱ्या कॅसेटवर घ्या. दुसऱ्या खेळाडूसाठीही हेच सर्किट, काही बदल नाही. आयसी चार आणल्याच आहेत तर डॉट पीसीबी कापतानाच दोन तुकडे कापा.